‘स्टेपमदर’मधली पायरी

इंग्रजीच्या बाईंकडून लोकांना विनोद हवे असतात. माझ्याकडे ते पुष्कळ आहेत आणि निवृत्त झाल्यापासून लग्नाकार्यात मी ते सांगतेही. ‘माय फादर इज व्हेरी सीधा’ असं निबंधात लिहिणारा मुलगा, भेंडीचं ‘लेडीफिंगर’ हे नाव ऐकून वहीत बांगड्या घातलेला हात काढणारी मुलगी, आणि ‘बाकी काही नको बाई, गोरं गिऱ्हाईक चिडल्यावर काय बोलतं तेवढं पोराला समजू द्या’ अशी विनंती करणारे एक हॉटेलवाले पालक. पण या अंकासाठी लिहायला बसले आणि सहावीतली ईश्वरीच डोळ्यांसमोर आली. तेव्हा विनोद पुढच्या लग्नात.

पहाडगंजात एक मराठी शाळा आहे, हे दिल्लीतल्या निम्म्या मराठी माणसांनाही माहीत नसतं. एका अंगाला बॅगांची घाऊक दुकानं, दुसऱ्या अंगाला स्वस्त हॉटेलं, आणि मधोमध आम्ही. मी मूळची नागपूरची. नवऱ्याची नोकरी मंत्रालयात लागली म्हणून दिल्लीला आले, आणि दुपारचा वेळ जात नाही म्हणून या शाळेत शिकवायला लागले. तो वेळ पुढे माझं सगळं नोकरीचं आयुष्य झाला.

आमची मुलं घरी मराठी बोलतात, गल्लीत हिंदी, आणि वर्गात इंग्रजी धरून तिन्हींची भेळ. बाहेरच्या माणसाला वाटतं, इंग्रजी शिकवणं म्हणजे व्याकरण आणि स्पेलिंग. ते असतंच. पण खरं काम म्हणजे वर्ग एवढा सैल ठेवणं की मूल चुकीचं बोलायला भिणार नाही. मग त्याच्या हातातली चूक हळूच काढून घ्यायची आणि बरोबर ते ठेवायचं. आणि आपल्याला एखादी गोष्ट येत नसेल, तर ‘उद्या सांगते’ असं म्हणून खरोखर उद्या सांगायचं.

सहावीला जोडशब्दांचा धडा असे. दोन साधे शब्द एकमेकांना चिकटतात आणि तिसराच शब्द तयार होतो. टूथब्रश, रेनकोट, क्लासरूम हे सरळ स्वभावाचे; दोन्ही अर्धे ओळखीचे असले की पूर्ण शब्द कळतो. काही मात्र फसवे. बटरफ्लायमध्ये लोणी कुठून आलं हे मला आजवर कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. मुलांनी शब्द सांगायचा, मी फळ्यावर लिहायचा, आणि सांगणाऱ्यानं तो फोडून दाखवायचा, असा आमचा खेळ होता. त्या दिवशी फळा भरत आला असताना खिडकीजवळून एक हात वर झाला. तो ईश्वरीचा होता, आणि ती वर्षभरात एकदाही हात वर न करणारी मुलगी होती.

“स्टेपमदर,” ती म्हणाली.

मी लिहिला. तिच्या घरी सावत्र आई आहे हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मी म्हटलं, फोडून दाखव.

“स्टेप म्हणजे पायरी. खरी आई वर असते. ही एक पायरी खाली.”

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मला काही बोलता आलं असतं. ती ‘रेनकोट म्हणजे पावसाचा कोट’ म्हणावं तशी म्हणाली आणि खाली बसली. मी खडू ठेवला. हे बरोबर आहे की नाही मला माहीत नाही, उद्या सांगते, असं म्हणून पुढच्या मुलाकडे वळले.

ईश्वरीचे वडील दत्तात्रय हे गलाईवाले. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचा धंदा. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, तशी दिल्लीतही आली. दत्ताभाऊंची भट्टी करोलबागेत होती आणि बिऱ्हाड शाळेमागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. ईश्वरी दुसरीत असताना तिची आई वैशाली डेंग्यूनं गेली. ताप आला, हॉस्पिटलात नेलं, आणि आठवड्याच्या आत मुलगी आणि बाप दोघंच उरले. पुढे गावाकडच्यांनी दत्ताभाऊंचं दुसरं लग्न लावून दिलं. ही दुसरी बायको, सुरेखा, रोज ईश्वरीला शाळेत सोडायला आणि न्यायला यायची. फाटकापर्यंत मात्र येत नसे. समोरच्या सुटकेसच्या दुकानाच्या पायरीशी थांबून, ईश्वरी आत गेलेली बघून परत फिरायची. दोघींना एकमेकींशी बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी मी शिक्षकांच्या खोलीतला जाडा इंग्रजी शब्दकोश काढला. या ‘स्टेप’चा पायरीशी संबंध नव्हता. जुन्या इंग्रजीत त्याच्यासारखाच एक वेगळा शब्द होता आणि त्याचा अर्थ होता, ज्याचं माणूस गेलं आहे असा, पोरका. आईबाप गेलेल्या मुलाला आधी ‘स्टेपचाइल्ड’ म्हणत. मग त्या मुलासाठी जी आई म्हणून आली ती स्टेपमदर, बाप म्हणून आला तो स्टेपफादर. पुढे मूळ अर्थ लोक विसरले, घटस्फोटानंतर आलेल्या आईबापांनाही तेच नाव लागलं, आणि शब्द ऐकून पायरी आठवायला लागली. नाव पडलं होतं ते मुलाच्या दुःखावरून.

माझ्या शेजारी संस्कृतच्या बाई डबा खात होत्या. मी त्यांना विचारलं, आपल्या ‘सावत्र’चं काय हो? त्यांनी सांगितलं की तो सवतीच्या घराण्यातला शब्द, आणि सवत आली सपत्नीवरून. एकाच नवऱ्याची दुसरी बायको ती सपत्नी. त्यावरूनच संस्कृतात ‘सपत्न’ असा पुल्लिंगी शब्द झाला आणि त्याचा अर्थ सरळ शत्रू. हिंदीतली सौत आणि सौतेली त्याच घरच्या. म्हणजे आपल्याकडे हा शब्द दोन बायकांच्या भांडणातून जन्मला आहे आणि मूल त्यात कुठेच नाही. मला याचं फार नवल वाटलं. नागपूरला माझ्या मामीलाही सावत्र मुलं होती, आणि मी तो शब्द शेकडो वेळा उच्चारला असेल.

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितलं. जेवढं सहावीला झेपेल तेवढंच, आणि कुणाकडेही न बघता. तास संपताना ईश्वरी टेबलापाशी आली.

“बाई, म्हणजे आधी स्टेपचाइल्ड आणि नंतर स्टेपमदर?”

पुस्तकात तसंच दिलंय, मी म्हटलं.

“मग ते नाव माझ्यावरून पडलंय. तिच्यावरून नाही.”

मी हो म्हटलं. ती मान हलवून गेली. तिला बरं वाटलं की वाईट, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

चार-पाच दिवसांनी शाळा सुटल्यावर सुरेखा मला भेटायला आली. पहिल्यांदाच फाटकाच्या आत आली होती. तिशीची असेल. पदर घट्ट खोचलेला, आणि बसा म्हटल्यावर बाकाच्या अगदी कडेला बसली. बाई, तुम्ही पोरीला काय शिकवलंत ते मलाही सांगा, असं म्हणाली. तक्रार नव्हती. ईश्वरीनं जेवताना वडिलांना काहीतरी सांगितलं होतं आणि ते हिला अर्धंच समजलं होतं.

मी सगळं पुन्हा सांगितलं. स्टेप म्हणजे ज्याचं माणूस गेलंय तो. 

“मग त्यात मी बी बसते की,” सुरेखा म्हणाली. “माझं बी माणूस गेलंय.”

तिचा पहिला नवरा ट्रकवर होता. घाटात ट्रक उलटला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी माहेरी पाठवलं, माहेरच्यांनी चार वर्षांनी दिल्लीला. हे तिनं दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं सांगितलं. मी विचारलं, ईश्वरी तुला काय म्हणते? काहीच नाही, ती म्हणाली. आई नाही, मावशी नाही, काकू नाही. दोन वर्षांत ईश्वरीनं तिला हाकच मारली नव्हती. काही हवं असलं की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची, आणि हिचं लक्ष जाईपर्यंत थांबायची.

“तिला अवघड जातंय ते कळतंय मला,” सुरेखा म्हणाली. “निस्तं मी पाठमोरी असले म्हंजी तिला लई येळ उभं ऱ्हावं लागतं. म्हनून मी आता दाराकडं तोंड करून भाकऱ्या करते.”

 मी तिच्यासाठी चहा मागवला.

चहा पिताना तिनं आणखी एक गोष्ट काढली. त्यांच्याकडे पहिली बायको वारलेली असली तर दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालतात. सोन्याच्या किंवा चांदीच्या पातळ पत्र्यावर बाईची आकृती उठवलेली असते, तो टाक. गावाहून सासूचा सारखा निरोप येत होता, थोरलीचा टाक करून घाला, नाहीतर ती त्रास देईल. तुमचं काय मत, असं सुरेखानं मला विचारलं.

आता मी ज्या घरातली, तिथे माझ्या आजोबांनी बौद्ध झाल्यावर देव्हाऱ्यातले सगळे टाक उचलून नदीत सोडले होते. मेलेली बाई त्रास देते, हे मी मान्य करणं शक्यच नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं, की भीतीपोटी काही गळ्यात घालू नकोस.

“भ्या कसलं आलंय, बाई,” ती म्हणाली. “ती माझ्या आदी त्या घरात हुती. पातेली तिची, पोर तिची, नवरा तिचा. निस्तं तिलाच कुटं जागा न्हाई. फोटू बी ह्यांनी पेटीत घालून ठिवलाय, बघवत न्हाई म्हनून. माझ्या गळ्यात तरी ऱ्हाईल.”

मी एवढंच म्हटलं, की जे कराल ते ईश्वरीला आधी सांगून करा. ते ह्यांनी सांगायचं ठरलंय, असं ती म्हणाली आणि गेली.

दत्ताभाऊंनी सांगितलं नाही. तो माणूस मनानं फार चांगला, पण वैशालीचं नाव घ्यायची वेळ आली की त्याच्या तोंडातून शब्द फुटत नसे. रोज उद्यावर ढकलत राहिला आणि टाक तयार होऊन आला. तो केला होता वैशालीच्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या आटवून. त्या वाट्या एका डबीत होत्या, डबी कपाटात होती, आणि ती डबी ईश्वरी अधूनमधून उघडून बघते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

दिवाळी होऊन शाळा नुकती सुरू झाली होती. दिल्लीत त्या दिवसांत हवा धुरकट असते, दुपारीसुद्धा ऊन पिवळट दिसतं. शाळा सुटून अर्धा तास झाला असेल, आणि सुरेखा धापा टाकत वर आली. ईश्वरी बाहेर आलीच नाही, म्हणाली. वर्ग रिकामा होता. मैदान, पाण्याच्या टाकीमागची जागा, सगळं बघितलं. मग शाळेच्या पायऱ्यांवर तिची एक मैत्रीण भेटली. तिनं सांगितलं की ईश्वरी सकाळपासून बोलत नव्हती. मधल्या सुट्टीत एवढंच म्हणाली, की आज मी आजीकडे जाणार.

आजी म्हणजे वैशालीची आई, आटपाडीची. आणि आटपाडीला जायचं तर आधी सांगलीकडची गाडी. आमच्या शाळेपासून नवी दिल्ली स्टेशन पायी वाटेवर आहे. तिथून सांगलीकडची गाडी सुटत नाही, ती निजामुद्दीनहून सुटते, पण हे त्या मुलीला कोण सांगणार? तिला तेच एक स्टेशन माहीत होतं.

आम्ही दोघी निघालो. मेन बाजारातून त्या वेळी चालणं म्हणजे ई-रिक्षा, हातगाड्या आणि पाठीवर अवजड सॅक घेतलेले पर्यटक यांच्यातून वाट काढणं. मी दत्ताभाऊंना फोन लावत होते आणि भट्टी चालू असल्यानं तो कुणी उचलत नव्हतं. सुरेखा माझ्या पुढे दहा पावलं होती. तिला हिंदी नीट येत नसे, एरवी ती भाजीवाल्याशीही खुणांनी बोलायची. त्या दिवशी तिनं प्रत्येक दुकानदाराला थांबून विचारलं, “बच्ची देखा? दो चोटी? निळा स्वेटर?” रंगाचं नाव मराठीत आहे हे तिच्या लक्षातही येत नव्हतं. मला आधी वाटलं होतं तेवढी मी धीराची नव्हते. अकरा वर्षांची मुलगी, एकटी, आणि ते स्टेशन. मी पुढचा विचार करायचं टाळत होते.

ईश्वरी सापडली ती रेल्वे पोलिसांच्या मुलांसाठीच्या मदतकक्षात. तिकिटाच्या खिडकीशी जाऊन तिनं सांगलीचं तिकीट मागितलं होतं. आतल्या माणसानं बरोबर कोण आहे विचारलं, उत्तर आलं नाही, तेव्हा त्यानं पोलिसांना बोलावलं. त्या अनोळखी माणसाला मी आजही मनातल्या मनात दुवा देते. ईश्वरी दप्तर मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. समोर बिस्किटांचा पुडा होता, न फोडलेला. शेजारी हरयाणाकडची एक धिप्पाड महिला हवालदार उभी होती.

सुरेखा दारातच थांबली. मी माझी ओळख सांगितली. हवालदारीण माझ्याशी नीट बोलली, मग सुरेखाकडे बोट करून ईश्वरीला म्हणाली, “ये कौन लगती है तेरी?”

ईश्वरीनं सुरेखाकडे बघितलं. मग म्हणाली, “सौतेली माँ।”

हवालदारणीचा चेहरा बदलला. ती एक पाऊल सरकून मुलीच्या आणि सुरेखाच्या मध्ये उभी राहिली. त्या एका शब्दानं तिच्या मनात सगळी गोष्ट पूर्ण झाली होती, हे मला दिसत होतं. तिचं चुकत होतं असंही नाही. त्या खुर्चीवर तिनं अशा कितीतरी मुली बसलेल्या पाहिल्या असतील. मी मध्ये बोलायला गेले तेव्हा तिनं हातानं मला थांबवलं. बच्चीला बोलू द्या, म्हणाली.

“मारती है?”

“नहीं।”

“खाना देती है?”

“हाँ।”

“बचा-खुचा?”

“नहीं। पहले मुझे देती है।”

“बाल किसने बनाए?”

ईश्वरीनं नकळत वेणीला हात लावला. “इसने।”

हवालदारीण विचारत होती आणि ईश्वरी खरं ते सांगत होती, कारण ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती. आजारी पडलीस तर काय करते, असं विचारल्यावर ती अडली. हिंदी शब्द सुचेना, तेव्हा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “बाई, ती उशाशी बसून राहते. सांगा ना त्यांना.” मी सांगितलं. माझ्या नोकरीत मी पुष्कळ भाषांतरं केली, त्यातलं हे एक मला अजून शब्दशः आठवतं.

हवालदारणीचा आवाज आता खाली आला होता. “तो फिर भागी क्यों, बेटा?”

“मेरी मम्मी का सोना गला दिया इन लोगों ने,” ईश्वरी म्हणाली, आणि तिथे तिचा धीर सुटला. “इसने पहना है। मैंने देखा है।”

डबीत काळे मणी तेवढे उरले होते. आणि आदल्या दिवशी सुरेखा वाकली तेव्हा तिच्या गळ्यातल्या दोऱ्याला काहीतरी पिवळं लटकलेलं ईश्वरीनं पाहिलं होतं.

सुरेखाला हिंदी फारसं समजत नव्हतं, पण एवढं समजलं. ती पुढे आली, ब्लाउजच्या आतून दोरा ओढून काढला आणि टाक तळहातावर घेतला. नखाएवढा असेल. हवालदारणीनं वाकून बघितलं.

“अरे, ये तो पहली वाली की मूरत है,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “हमारे गाँव में भी पहनाते हैं। मेरी ताई के गले में थी।” ताई म्हणजे त्यांच्याकडची थोरली चुलती. आणि ती मधून बाजूला झाली.

सुरेखा ईश्वरीच्या खुर्चीसमोर फरशीवर बसली. “ईसू, मी तुझ्या आईचं सोनं घातलं न्हाई गं. ही तुझी आईच हाय. ह्या वैशालीबाई. सणाला आदी त्यांना हळदीकुंकू, मग मला. तुला इचारून करायचं हुतं. ऱ्हाईलं.”

ईश्वरीनं टाक हातात घेतला नाही. डोळे पुसून, मान पुढे करून नीट बघितलं. लुगडं नेसलेली, हात जोडलेली एक बाई, जशी सगळ्याच टाकांवर असते.

“आईचं नाक असं नव्हतं,” ती म्हणाली. “असं बिल्कुल नव्हतं.”

मला वाटलं, आता पुन्हा रडारड. पण सुरेखा म्हणाली, “मग कसं हुतं? मी कुटं बघितलंय त्यांना? तूच सांग की.”

ईश्वरीनं सांगायला सुरुवात केली. नाक बसकं होतं, पण टोकाशी थोडं वर. हसली की आणखी वर जायचं. डाव्या भुवईत एक तीळ होता. केस कपाळावर यायचे म्हणून ती स्वयंपाक करताना मनगटानं मागे सारायची. आई गेल्यापासून तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. वडिलांना विचारलेलं सोसत नव्हतं, आणि आम्ही शाळेतल्या बायका तिला वाईट वाटेल म्हणून तो विषय टाळत होतो. ती बोलत राहिली, सुरेखा मध्ये मध्ये विचारत राहिली, की उंच होती का, आवाज कसा होता, रागवायची का. हवालदारीण पाठ फिरवून कुणाला तरी चहा सांगत होती, जरा जास्तच वेळ लावून.

दत्ताभाऊ आले तेव्हा त्यांच्या हाताला भट्टीची काजळी तशीच होती. वाजत राहिलेला फोन शेवटी शेजारच्या गाळेवाल्यानं उचलून निरोप दिला तसे धावत आले होते. त्यांनी मुलीला जवळ घेतलं आणि एवढंच म्हणाले, “मी सांगायला पायजे हुतं.” ईश्वरी त्यांच्या शर्टात तोंड खुपसून म्हणाली, की नाक चुकलंय, पप्पा.

पुढच्या रविवारी सकाळी दत्ताभाऊंनी मला भट्टीवर बोलावलं. गलाईची जागा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. अरुंद जिना, वर एक खोली, कोपऱ्यात भट्टी आणि सोनं वितळवायच्या मातीच्या भांड्यांची, म्हणजे मुशींची, रांग. ईश्वरीचा हट्ट होता की टाक पुन्हा करायचा. सुरेखानं गळ्यातून काढून स्वतः दिला. दत्ताभाऊंनी तो मुशीत टाकला तेव्हा मी ईश्वरीकडे बघत होते, ती न हलता आत बघत होती. सोनं आधी काळवंडलं, मग त्याचा एक थेंब झाला आणि गरगर फिरायला लागला. त्याचा पत्रा ठोकून झाल्यावर समोरच्या गाळ्यातल्या बंगाली कारागिरानं तो लाखेच्या गोळ्यावर चिकटवला आणि बारीक छिन्नीनं चेहरा उठवायला घेतला.

पेटीतला फोटो दत्ताभाऊंनी बरोबर आणला होता. तो बाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. पण फोटोत वैशाली हसत नव्हती, आणि ईश्वरीला हसणारी हवी होती. त्यामुळे ती कारागिराच्या खांद्याशी उभी राहून सांगत होती, थोडं वर, नाही, इतकं नाही. हळूहळू दत्ताभाऊ बोलायला लागले. ती हसायची तेव्हा आधी तोंडावर हात घ्यायची, म्हणाले. लग्नात उखाणा घेताना विसरली आणि हसतच सुटली, सगळा मांडव हसला. ईश्वरीला ही गोष्ट माहीत नव्हती. तिनं ती दोनदा सांगायला लावली. कारागिराला मराठी कळत नव्हतं, तो छिन्नी थांबवून हसणाऱ्यांकडे बघायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

नखाएवढ्या पत्र्यावर नाक किती दिसणार? मला तर आधीच्यात आणि यात फार फरक दिसला नाही. ईश्वरीला दिसला. तिनं टाक नव्या काळ्या दोऱ्यात स्वतः ओवला आणि सुरेखाच्या मागे जाऊन उभी राहिली. सुरेखानं मान खाली घातली, अंबाडा हातानं वर धरला. ईश्वरी गाठ मारायला लागली, ती निसटली, पुन्हा मारायला लागली. सुरेखानं नीट होतंय का बघायला मान वळवली.

“अगं, हलू नकोस ना,” ईश्वरी म्हणाली.

सुरेखा तशीच थांबली. दत्ताभाऊ भट्टीकडे तोंड करून काहीतरी आवरू लागले. ईश्वरीला आपण तिला ‘अगं’ म्हणालो याचा पत्ताही नव्हता, तिचं सगळं लक्ष गाठीकडे होतं. मी सुरेखाचा चेहरा बघितला, तो इथे लिहिणार नाही.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. दोघी भांडायला लागल्या, आणि सुरेखा मला कौतुकानं येऊन सांगायची, आज अमक्यावरून भांडली माझ्याशी. वाढदिवसाला फ्रॉक कुठला, चहात साखर किती, टीव्ही कधी बंद करायचा. ईश्वरी दहावी होऊन आमच्या शाळेतून बाहेर पडली. पाठोपाठ मीही. माझ्या शेवटच्या सहावीत एका बाकावर एकच मूल बसेल एवढीच मुलं उरली होती. मराठी घरं फरीदाबाद, गुरुग्रामकडे गेली आणि त्यांची मुलं बसनं दुसऱ्या शाळांत. ते बघत निवृत्त होणं जड गेलं. शाळा अजून चालू आहे, हेही खरं.

मागच्या उन्हाळ्यात दुपारी फोन वाजला. ईश्वरी आता कॉलेजात आहे. सुरेखाची शाळा आठवीतच सुटली होती, म्हणून ईश्वरीनं मुक्त विद्यालयातून तिला दहावीला बसवलं होतं आणि वर्षभर घरी शिकवत होती. तिला पाठ होतच नाही, रागावलं तर हसते, अशा तक्रारी अधूनमधून माझ्याकडे यायच्या, एका मास्तरणीनं दुसरीजवळ कराव्यात तशा. त्या दिवशी मी हॅलो म्हणायच्या आत ती बोलायला लागली. मागून सुरेखाचा आवाज येत होता, इंग्रजीचं मार्क तेवढं सांगू नगंस.

“बाई,” ईश्वरी म्हणाली, “आई पास झाली.”